मिश्र राग, मिश्र बोली

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लिहावयाचे म्हणजे लसीकरण, आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी काहीतरी, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. मीही ती आजवर पाळली. यंदा मात्र संपादकांची क्षमा मागून १९७६ सालच्या एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिणार आहे. ती डिस्कोच्या काळातील आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटावयाचे असेल त्यांनी ते आताच उलटावे. जे थांबतील त्यांना पुढे लहान मुलांच्या बोलण्याविषयीही थोडे ऐकून घ्यावे लागेल, कारण माझा विषय अखेर तोच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा सुटीत घरी आला होता. कोठीहून गौलीगुड्याकडे येताना पुतलीबावलीच्या चौकात आमची गाडी नेहमीप्रमाणे अडकली आणि त्याने आपल्या फोनवरचे एक गाणे लावले. खालच्या पट्टीतला बास गिटारचा ठेका, त्यावर विजेच्या पेटीचे हलके तरंग, आणि त्या सगळ्यावर एका स्त्रीचा आवाज. आवाज कसला, जवळजवळ कुजबूजच. पण सुरात पक्की. ठेका नाचाचा असूनही गाणाऱ्या बाईंना कोठे जाण्याची घाई नव्हती. मी विचारले, ‘ही कोण गोरी बाई?’ मुलगा हसला आणि त्याने पडद्यावरचे नाव दाखविले : आशा पुथली. पुतलीबावलीच्या चौकात बसून पुथलीबाईंचे गाणे ऐकण्याचा हा योग. ‘बाबा, ह्या आपल्या मुंबईच्या आहेत,’ तो म्हणाला. मला ते खरे वाटेना. घरी येऊन मी शोधले, वाचले, आणि पुढले कित्येक दिवस ती ध्वनिमुद्रिका ऐकत राहिलो.

माझे कान या संगीतासाठी तयार झालेले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. माझे लहानपण याच गौलीगुड्यात गेले. घरात सकाळी भक्तिगीते, रात्री जमले तर नाट्यसंगीत. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपट आला आणि त्यातील ‘आप जैसा कोई’ हे गाणे आमच्या गल्लीतील गणपतीच्या मांडवापर्यंत पोचले. गाणारी नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि चाल बांधणारे बिड्डू हे बेंगळुरूहून लंडनला गेलेले गृहस्थ. पुढल्याच वर्षी त्या दोघांची ‘डिस्को दीवाने’ निघाली. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘डिस्को’ हा शब्द त्या काळी शिवीसारखाच येई. केस वाढविलेला मुलगा डिस्को, गुडघ्यावर ठिगळ लावलेली विजार डिस्को, वरणात गूळ जास्त पडला तर तेही डिस्को. अर्थात ते एकटे नव्हते. अमेरिकेत शिकागो येथे १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडविण्यात आला होता. कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातून आणि जॅझमधून वाढलेले, सर्व तऱ्हेच्या लोकांना एका फरशीवर नाचविणारे हे संगीत काहींच्या डोळ्यांवर येत होते, आणि त्या रागाला वर्णद्वेषाचीही झालर होती असे अनेक अभ्यासकांनी पुढे लिहिले. वडिलांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच वाटे की हे भेसळीचे गाणे आहे.

आशा पुथली यांचा जन्म मुंबईत १९४५ साली झाला. घराणे सारस्वत. कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांच्या नात्यातल्या. कमलादेवींचे पती हरींद्रनाथ हे आपल्या हैदराबादचे, सरोजिनी नायडूंचे धाकटे बंधू. त्यांच्या वडिलांचे ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे घर नामपल्लीकडे जाताना आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लहानपणी आशाबाई हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकल्या आणि त्याच वेळी रेडिओवर जॅझ ऐकत राहिल्या. दोन्ही गोष्टींत त्यांना एक साम्य दिसले असावे, आणि ते खरोखरच आहे : गायकाने तेथल्या तेथे, श्रोत्यांसमोर, रचना वाढवीत न्यावयाची. वेद मेहता यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या भारतावरील आपल्या पुस्तकात मुंबईतील जॅझविषयी लिहिताना त्यांचा उल्लेख केला. त्या आधी त्यांनी हवाई सुंदरीची नोकरीही करून पाहिली. पुढे नृत्याच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने त्या न्यूयॉर्कला पोचल्या आणि जॉन हॅमंड या नामांकित ध्वनिमुद्रण-निर्मात्याच्या कानी त्यांचा आवाज पडला.

त्यातून १९७१ साली ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी दोन गाणी गायिली. कोलमन म्हणजे जॅझमधील बंडखोर. त्यांच्या संगीतात नेहमीचा स्वरसंवादाचा आधार जवळजवळ काढून घेतलेला असे. वादक आपापल्या दिशेने निघत आणि गायकाने त्या गर्दीत आपला सूर धरून उभे राहावयाचे. ज्याने तानपुऱ्यासमोर बसून वर्षानुवर्षे एकच षड्ज लावला आहे त्याला हे जमू शकते. मी जाणकार नाही, परंतु ती दोन गाणी ऐकताना मला ठायी ठायी मींड ऐकू येते, आणि स्वर धरून ठेवण्याची सवय तर स्पष्टच दिसते. त्यांत रागदारी मात्र शोधू नये. ती तेथे नाही.

१९७३ साली त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका सीबीएसने काढली आणि १९७६ साली ‘द डेव्हिल इज लूज’ आली. मुलाने गाडीत लावलेले ‘स्पेस टॉक’ हे गाणे तिच्यातलेच. सोल संगीताचा गळा, जॅझची मोकळीक आणि नाचाचा ठेका अशी तिची जोडणी आहे. त्या मुद्रिकेतील सगळीच गाणी सारख्या दर्जाची नाहीत; एक-दोन तर आज फार गोड, जवळजवळ पाकातली वाटतात. पण ‘स्पेस टॉक’ आणि ‘फ्लाइंग फिश’ ही दोन गाणी ऐकल्यावर मला एक गोष्ट कळली : बाईंनी आपले सगळे शिक्षण तेथे दाखविण्याचा मोह आवरला आहे. एखाद्या गवयाने ठुमरीत मुद्दाम कमी गावे तसे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांच्या ‘लॉफ्ट’मध्ये जमणाऱ्या नर्तकांनी ‘स्पेस टॉक’ला आपले मानले, आणि वीस वर्षांनंतर, १९९७ साली, नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचाच तुकडा घेतला गेला. आशाबाई ऐंशीच्या दशकात मुलाच्या संगोपनासाठी या धंद्यातून बाजूला झाल्या. २०२२ साली त्यांच्या निवडक गाण्यांचे संकलन इंग्लंडमधून निघाले, आणि वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

मधल्या काळात आपण त्यांना ओळखत नव्हतो. जॅझवाल्यांना त्या डिस्कोच्या वाटल्या, डिस्कोवाल्यांना जॅझच्या. अमेरिकेत त्या भारतीय आणि भारतात त्या ‘इंग्रजी गाणाऱ्या’. दुकानदाराला तबकडी कोणत्या फळीवर ठेवावी हा प्रश्न पडे. ही फळीची अडचण वाचली आणि मी थबकलो, कारण माझ्या दवाखान्यात ती रोज येते.

अडीच-तीन वर्षांचे मूल घेऊन आईवडील येतात. मूल बोलत नाही, किंवा दोनच शब्द बोलते, किंवा एका वाक्यात तीन भाषा घालते. आजी मराठी बोलते, कामवाली तेलुगू, खालचा दुकानदार दखनी, बाबा इंग्रजी. शाळेने सांगितलेले असते की घरात फक्त इंग्रजी बोला, मुलाचा गोंधळ होतो आहे. आईवडिलांना डॉक्टरकडून त्या सल्ल्यावर केवळ शिक्का हवा असतो.

तो शिक्का मी मारलेला आहे. १९९९ साली, मी व्यवसायात नवा असताना, शेजारच्या गल्लीतील एक अडीच वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. ती फारसे बोलत नसे. आजी बरोबर होती. मी आईवडिलांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की घरात एकच भाषा ठेवा, आणि ती शाळेची ठेवा. आजींनी विचारले, ‘अहो डॉक्टर, मग मी हिच्याशी काय बोलू? मला इंग्रजी येत नाही.’ मी म्हणालो, ‘थोडे दिवस कमी बोला.’ हे वाक्य मी उच्चारले होते. आज लिहिताना हात अडखळतो.

मी त्या मुलीचे कान नीट तपासले नव्हते. पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासले तेव्हा तिच्या दोन्ही मध्यकर्णांत द्रव साचलेला आढळला. तिला ऐकूच कमी येत होते. उपचार झाले, ती बोलू लागली आणि मग थांबेचना. परंतु घर एव्हाना इंग्रजीवर गेले होते, आणि एकदा गेलेले घर परत येत नाही. आजी पुढे सात-आठ वर्षे होत्या. नात आणि त्या एकाच खोलीत झोपत आणि एकमेकींशी खुणांनी व हसण्याने बोलत, असे मुलीच्या आईने मला नंतर सांगितले. तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. तिने मला दोष दिला असता तर बरे झाले असते.

त्या काळी असा सल्ला देणारा मी एकटा नव्हतो. पण ती काही सबब नव्हे. पुरावा तेव्हाही होता. एकापेक्षा अधिक भाषांत वाढल्याने मूल उशिरा बोलू लागते असे दिसत नाही. पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास, दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांच्या सुमारास, हे टप्पे द्विभाषिक मुलेही त्याच वयात गाठतात. त्यांच्या एकेका भाषेतील शब्दसंख्या कमी भरू शकते, पण दोन्हींची बेरीज केली तर ती मागे नसतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हे गोंधळाचे लक्षण नाही; जो शब्द हाताशी आला तो मूल वापरते, आणि ऐकणाऱ्याला कोणती भाषा येते हे ते फार लवकर ओळखते. बोलण्यात खरोखर उशीर असेल तर तो दोन्ही भाषांत असतो, आणि तेव्हा भाषा कमी न करता कान तपासावयाचे असतात, स्वमग्नतेची लक्षणे पाहावयाची असतात, घरातला पडदा किती वेळ चालू असतो हे विचारावयाचे असते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून पूर्ण दूर ठेवावे असे सांगितले आहे. मूल इंग्रजी शिकावे म्हणून फोनवर बालगीते लावून देणारे पालक मी पाहतो तेव्हा आजीची मराठी बंद करून त्यांनी तिच्या जागी काय आणले, असा प्रश्न पडतो.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा १९८४ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. कॅनडातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता. त्यांच्या आईवडिलांच्या वयाच्या माणसांना तो ऐकणे जड जात होते. वर्ष भरता भरता बहुतेक बाळांचीही ती क्षमता ओसरली, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही कामच नव्हते. म्हणजे कानाचे दार पहिल्या वर्षात घरच्या आवाजांनुसार बसू लागते. ते पुढे उघडत नाही असे नाही, पण ढकलावे लागते. मुंबईतल्या एका मुलीच्या कानावर वेळीच तानपुराही पडला आणि रेडिओवरचे जॅझही पडले, हे ध्यानात आल्यावर ‘सायन्स फिक्शन’मधल्या तिच्या सुरांचे मला वाटणारे आश्चर्य थोडे कमी झाले.

आपल्या समाजाला हे सांगावे लागावे याचे मला नवल वाटते. या गावाइतके मिश्र गाव दुसरे कोणते? दखनीतले ‘नक्को’ आपल्या ‘नको’वरून आले आहे, आणि ‘वैसाइच’ मधला ‘च’ तर सरळ आपल्या घरातून उचललेला आहे. १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली ती निजामाच्या उर्दू राज्यात. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले. आपल्यापैकी काहींच्या आजोबांनी शरीरशास्त्र उर्दूत घोकले, रोग्यांशी ते तेलुगूत बोलले आणि रात्री घरी ज्ञानेश्वरी वाचली. त्यांचा गोंधळ झाल्याचे ऐकिवात नाही. १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले, मराठवाडा तिकडे राहिला आणि आपण इकडे. तरीही दोन पिढ्या मराठी टिकली. आता ती चालली आहे ती कोणा सरकारच्या हुकुमामुळे नाही. ती बालवाडीतल्या एका सूचनेने आणि डॉक्टरच्या एका होकाराने चालली आहे.

येथे काही मित्र मला अडवितात. एक सर्जन मित्र म्हणतात, ‘तुम्ही भेसळीचे गुण गाता आणि त्याच तोंडाने मराठी राखा म्हणता.’ आक्षेप योग्य आहे. माझे म्हणणे असे की कोणतेही मिश्रण चांगले असे नाही. आपल्या संगीतात मिश्र पिलू आहे, मिश्र खमाज आहे; पण ज्याला पिलू ठाऊक नाही त्याने मिश्र पिलू गाऊ नये हे कोणीही सांगेल. आशाबाईंना कोलमनच्या वादळात उभे राहता आले कारण त्यांच्या गळ्यात एक गोष्ट खोलवर बसलेली होती. ज्या मुलाच्या घरात एकही भाषा भरभरून बोलली जात नाही, जेथे आईवडील आपल्याला अर्धवट येणाऱ्या इंग्रजीत ‘कम’, ‘ईट’, ‘डोन्ट टच’ एवढेच म्हणतात, त्या मुलाच्या वाट्याला मिश्रणही येत नाही. नुसते पाणी येते. ज्या भाषेत आईला रागावता येते, लाड करता येतात, खोटे गोष्टीवेल्हाळ बोलता येते, ती तिने बाळाशी बोलावी. मग ती मराठी असो, तेलुगू असो वा दखनी. शाळेची भाषा शाळा शिकवील. त्यासाठी तर आपण एवढे शुल्क भरतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. प्रवेशाच्या मुलाखतीत मूल इंग्रजीत बोलले नाही तर काय? यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणे हेच मला गैर वाटते. पण आईबापांची धास्ती खरी असते, आणि ती दवाखान्याच्या पाच मिनिटांत जात नाही. मी आता एवढेच करतो : मुलाचे कान तपासून घेतो, त्याला दोन्ही भाषांत मिळून किती शब्द येतात ते कागदावर मोजून दाखवितो, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर आईवडिलांच्या देखत त्यांना सांगतो की तुम्ही अधिक बोला. काही पालक नाराज होऊन दुसरीकडे जातात.

आमचे वडील आता नाहीत. त्यांना मी ‘स्पेस टॉक’ ऐकविले असते तर पहिल्या अर्ध्या मिनिटात ते उठून गेले असते. पण ‘सायन्स फिक्शन’मधले सूर कदाचित थांबून ऐकले असते आणि ‘शिकलेली दिसते’ असे म्हणाले असते. ती त्यांची सर्वांत मोठी पावती होती.

१९९९ ची ती मुलगी आता बेंगळुरूस नोकरी करते. गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली आणि बाळाला घेऊन माझ्याकडेच आली. तपासणी झाल्यावर तिने इंग्रजीत विचारले, ‘डॉक्टरकाका, मी ह्याच्याशी कोणत्या भाषेत बोलू?’ तिचे यजमान तमिळ आहेत. मी तिला पंचवीस वर्षांपूर्वीची सगळी हकिगत सांगितली, माझ्या चुकीसकट. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली की मला मराठी कळते, बोलता मात्र येत नाही. आजीचे थोडे शब्द आठवतात. मी म्हटले, यजमानांनी तमिळ बोलावे, तुझ्या आईने मराठी बोलावे, आणि तू ते थोडे शब्द वापर, चुकले तरी चालतील, बाळ काही चुका काढणार नाही. चौदा आठवड्यांच्या लसीला ती पुन्हा आली. सुई टोचल्यावर बाळाने टाहो फोडला, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन ती म्हणत होती, ‘झालं हं, झालं माझ्या राजाचं.’